तो पोचा मी काढला

देवादादा, वनिताबाईच्या काळ्या गाडीच्या टाकीवरचा पोचा मी काढून घेतला होता. सलीम पेंटरने तो आपल्या मनाने काढला नव्हता आणि तूही ठेवायचा विसरला नव्हतास. उमरखेडला लेकीच्या बाळंतपणासाठी निघण्याआधी तू मला गाडीजवळ नेलंस, टाकीवर बोट ठेवलंस आणि ही गाडी कोणाला द्यायची, काय सांगून द्यायची, हे समजावलंस. मी मान हलवली. तुझी एसटी सुटली आणि मी गाडी सलीमकडे नेली.

एवढं मला तुझ्यासमोर बोलता आलं नाही. आपण एका बाकावर बसायचो, एका डब्यातली भाकर खायचो, तरी नाही. आता तू गेल्यावर लोक येतात, बसतात, म्हणतात, "विलासभाऊ, तुमचा जोडीदार म्हणजे माणूस होता." मी हो म्हणतो. होतासच. पण ते म्हणताना जीभ नेमकी या जागी अडते, म्हणून हे सगळ्यात आधी लिहून टाकलं.

आर्णीच्या बाजारात आपल्याला 'पडेल गाड्यावाले' म्हणत. अपघात झालेल्या, विम्यात निकाली निघालेल्या, पोलीस ठाण्याच्या आवारात उन्हापावसात उभ्या राहून शेवटी लिलावात आलेल्या मोटारसायकली आपण घ्यायचो, सरळ करायचो आणि बाजाराच्या कडेला रांगेत लावून विकायचो. ज्याला नवी परवडत नाही तो आपल्याकडे यायचा. मी या धंद्यात आलो तेव्हा मला वाटायचं, गाडी ओळखायला कान पाहिजे. किक मारली, आवाज ऐकला, झालं. तू पहिल्याच फेरीत शिकवलंस की आवाज सगळ्यात शेवटी ऐकायचा.

यवतमाळच्या बाहेरचं ते यार्ड आठवतं? आपण फाटकातून आत शिरलो तसा तिथला माणूस एका लाल गाडीकडे धावला. "एका किकीत सुरू होते, दादा. पाहाच तुम्ही." तू त्याला किक मारू दिली नाहीस. हात उलटा करून इंजिनाला लावलास आणि माझ्याकडे वळलास.

"चाल बे विलास, चहा पिऊन येऊ."

"अरे दादा, गाडी त पाहू दे."

"तिले ताप हाय. उतरू दे."

आपण चहा प्यायलो. मग तू भजी मागवलीस. मग टपरीवरचा शिळा पेपर काढून वाचत बसलास. परत आलो तेव्हा इंजिन गार पडलं होतं आणि त्या माणसाला किक मारून मारून घाम फुटला. मी खो खो हसलो. तू हसला नाहीस. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "गाडी वाईट नाही, आळशी हाय. तुम्ही तिले तापवून ठेवली होती, थे सोडा. आळशी गाडीचा भाव सांगा." त्या माणसाने त्यानंतर आपल्याला कधी तापवलेली गाडी दाखवली नाही. आपल्या धंद्यात समोरच्याला उघडं पाडायची संधी रोज मिळते, आणि ती तू रोज सोडून द्यायचास. मला तेव्हा वाटायचं, दादा भिडस्त आहे.

गाडी थंड झाली की तू तिच्यामागे थेट जमिनीवर बसायचास, अंगात लग्नातले कपडे असले तरी. एक डोळा मिटून दोन्ही चाकं एका ओळीत आहेत का पाहायचास. मग हँडलच्या खाली, चेसिसच्या गळ्यावर बोट फिरवायचास. सगळ्या गाडीवर धूळ आणि नेमका गळ्यावर ताजा रंग दिसला की उठून हात झटकायचास. "इथं वेल्डिंग हाय. चाल." फूटरेस्टचं रबर झिजून गुळगुळीत आणि मीटरवर आकडा मात्र छोटा, म्हणजे मीटर मागे फिरवलेलं. मागच्या कॅरिअरच्या दोन्ही बाजू आतून घासलेल्या, म्हणजे दुधाच्या कॅन वाहिलेल्या. गाडी कोणाच्या हाताखाली राहिली आणि कशी पडली हे तू गाडीवरूनच सांगायचास, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायचास. एकदा मात्र एका गाडीचा मार पाहून तू छातीठोक सांगितलंस की ही डांबरी रस्त्यावर डावीकडे पडली आहे, आणि मालक म्हणाला, "नाही दादा, गोठ्यात उभी होती. म्हशीनं पाडली." त्यानंतर कितीतरी दिवस कुठलीही वाकडी गाडी दिसली की आपण एकमेकांना विचारायचो, "डांबर का म्हैस?" परवा रांगेत एक नवी गाडी आली, तिच्या बाजूला मार होता. मी सवयीने विचारलं. बाकावर कोणी नव्हतं.

पैनगंगेला पूर येऊन गेला त्या वर्षी उमरखेडकडे एका व्यापाऱ्याकडे बऱ्याच गाड्या आल्या होत्या. चकचकीत, धुतलेल्या, भाव असा की माझे हात शिवशिवले. मी त्यांतल्या चार-पाच मनातल्या मनात विकूनसुद्धा टाकल्या. तू खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढलास, एका गाडीचा हेडलाइट उघडलास आणि तळहातावर उपडा केलास. वाळलेल्या गाळाची पापडी पडली.

"विलास, वास घे."

"माती हाय."

"नदी हाय. या गाड्या बुडेल हाय. बाहेरून धुतल्या, आतून कोण धुते?"

व्यापारी चिडला. तू त्याला शांतपणे म्हणालास, "शेठ, तुम्ही बुडेल म्हणून विका, मी बुडेल म्हणून घेतो अन् बुडेल म्हणूनच विकतो. मले काही लाज नाही." त्याने नाही म्हटलं. आपण रिकाम्या हाताने एसटीत बसलो. महागाव येईपर्यंत मी तुझ्याशी बोललो नाही. महागावला तू खाली उतरून माझ्यासाठी पेरू आणलेस, तिखट-मीठ लावून. मी खाल्ले, पण तरी बोललो नाही. एवढा राग धरणारा माणूस तू भागीदार म्हणून का ठेवलास, हे तुला विचारायचं राहूनच गेलं.

स्वस्त गाडीबद्दल तुझ्या मनात जो आदर होता तो मी दुसऱ्या कोणात पाहिला नाही. शंभर सीसीची साधी गाडी, जिला पोरं नाकं मुरडतात, तिच्यासमोर तू उकिडवा बसून म्हणायचास, "पाय विलास, हे गरिबासाठी बनवली, पण गरीब समजून नाही बनवली." तिचं इंजिन उघडायला सोपं, पार्ट आर्णीत मिळणारा, चिखलात चेन अडकली तर शेतातल्या माणसालाही काढता येणारी. उलट एखादी देखणी गाडी यायची, टाकीवर मोठमोठे प्लास्टिकचे पंख. तू एका बोटाने पंख दाबायचास, तो कटकन आवाज करायचा. "हे स्वस्त नाही, हे हलकी हाय," म्हणायचास. स्वस्त आणि हलकी यांतला फरक गिऱ्हाइकाला सांगत बसायचास, गिऱ्हाईक घेणार नाही हे दिसत असलं तरी.

आणि तुझी ती रीत, जिच्यावरून आपण कायम भांडलो. अपघाताची गाडी तू नीट दुरुस्त करायचास, पण बाहेरची एक जखम मुद्दाम तशीच ठेवायचास. टाकीवरचा पोचा, नाहीतर मडगार्डचा ओरखडा, वाकलेलं क्रॅश गार्ड. गिऱ्हाईक विचारायचं, "हे काय झालं?" की तू सांगायला बसायचास. गाडी कुठे पडली, काय वाकलं, काय नवं टाकलं, काय नुसतं सरळ केलं, पुढे कोणतं काम निघेल. काही जण उठून जायचे. जास्त जण बसून राहायचे.

"दादा, पोरगी दाखवताना कोणी तिच्या तोंडाले काळं फासते का?" मी म्हणायचो.

"मी पोरगी नाही दाखवून राह्यलो. गाडी विकून राह्यलो."

"मंग तोंडानं सांग ना. पोचा कायले पाह्यजे?"

"तोंडानं मी याले सांगीन. हा दोन वर्षानं दुसऱ्याले विकन. थो सांगन का? खूण राह्यली त दुसरा बी विचारन."

जो माणूस आपल्याला कधी भेटणार नव्हता, त्याची तू काळजी करत होतास. मला ते वेडेपण वाटायचं. एकदाच तू मला त्यामागचं कारण सांगितलंस. तुझी पहिली गाडी, जुनी घेतलेली, पांढऱ्या पट्ट्याची. सुमनवहिनी आणि तान्ही लेक, दोघींना घेऊन तू वर्षभर तिच्यावर फिरलास. मग एकदा टाकी काढली तेव्हा दिसलं की चेसिसचा गळा पूर्वी तुटून जोडलेला आहे आणि जोडावर केसाएवढी चीर पडली आहे. "मले सांगतलं असतं त मी गाडी घेतली नसती असं नाही," तू म्हणाला होतास. "माह्याजवळ पैसेच तेवढे होते. पण मी तिच्यावर पोरीले बसवलं नसतं." हे ऐकूनही मी वाद सोडला नाही. मला वाद जिंकायचा होता.

आपले दुसरेही वाद अर्धवट राहिले. ती बॅटरीची स्कूटर आठव, जी मी तुला न विचारता उचलून आणली. तू तिच्यासमोर बसलास, उठलास, पुन्हा बसलास. "हिचं ऐकू काय?" म्हणालास. मी म्हटलं, जमाना बदलला दादा, शिकून घे. तू म्हणालास, "शिकीन. पण हा बंद डबा हाय. आत काय झालं थे मलेच माहीत नाही, त समोरच्याले काय सांगू?" ती स्कूटर अजून आपल्या शेडमध्ये उभी आहे. ती विकावी की नाही, यावर तुझं शेवटचं मत काय होतं?

तर तो काळ्या गाडीचा बाजार. ती समोरून आदळलेली होती. पुढच्या शॉकअपचे पाइप वाकले होते, ते तू दाबून सरळ करून घेतले होते आणि नवे मागवले होते. "एकट्या माणसाले चालते," तू मला सांगितलंस. "मांगं वजन टाकलं की डोलन. पाइप येईपर्यंत वजनवाल्याले देऊ नको. अन् कोणाले बी देली, त सांगून दे." मला पैशाची निकड नव्हती. माझ्या डोक्यात एकच होतं: दादा बाहेरगावी आहे, यावेळी बिनपोच्याची गाडी उभी करून दाखवतो, दुपारच्या आत विकली जाते की नाही बघ. मग तू आलास की मी म्हणणार, बघ.

दुपारचीही वाट पाहावी लागली नाही. वनिताबाई आली. बाजारोबाजारी साड्या-गाऊनची गाठोडी घेऊन जाणारी, नवरा पाठीच्या दुखण्याने घरी बसलेला, दिराच्या गाडीवर शिकलेली. तिने गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि मला विचारलं, "पडेल त नाही ना, भाऊ?"

मी म्हटलं, "तुम्हीच पाहा ना. कुठी काही दिसते का?"

दादा, मी त्या वाक्यावर खूश झालो होतो. खोटं बोललो नाही, असं मला वाटलं होतं.

ती दिग्रसच्या बाजाराला जाताना पडली. दोन्ही बाजूंना गाठोडी होती, उतारावर हँडल डोलायला लागलं आणि गाडी तिला घेऊन नाल्याच्या कडेला गेली. मनगट मोडलं, कपडे चिखलात गेले. पण त्याहून वाईट वेगळंच झालं. गाडीला कोणी काही म्हटलं नाही. सगळे तिलाच म्हणाले, बाईच्या जातीला मोटारसायकल पाहिजे कशाला. आणि तिने ते मानलं. दीर गाडी घेऊन आपल्याकडे आला, "वहिनीले झेपत नाही, परत घ्या." त्याच दिवशी तू उमरखेडहून आला होतास.

तू गाडी पाहिलीस. टाकीवर, नेमक्या जागी, तळहात फिरवलास. एकदा फिरवलास, पुन्हा फिरवलास.

"पोचा कोणी काढला बे?"

"सलीमनं काढला असन. मी त नाही सांगतलं."

"बरं," तू म्हणालास.

फक्त 'बरं'. तू सलीमकडे गेला नाहीस, त्याला एक शब्द बोलला नाहीस. मोडलेला हात गळ्यात बांधून वनिताबाई जिथे थोडेसे कपडे मांडून बसली होती तिथे गेलास, आणि तिला घेऊन गाड्यांच्या रांगेत आलास, जिथे सगळे विकणारे, घेणारे, चहा पिणारे जमले होते. मी तुझ्या मागोमाग होतो. तू मोठ्याने बोललास. म्हणालास, "या बाईले गाडी चालवता येते. गाडीत खोट होती. गाडी माह्या हातची हाय. मी खूण ठेवाले विसरलो अन् विलासले बी सांगाले विसरलो. चूक माह्यी हाय."

ज्या माणसाने सगळी हयात गाड्यांबद्दल खरं सांगण्यात घालवली, त्याच्या तोंडून मी ऐकलेलं एकच खोटं ते, आणि ते माझ्यासाठी होतं. मी तुझ्या शेजारी उभा होतो. मला तोंड होतं. मी बुटाने माती उकरत राहिलो.

नंतर तू नवे पाइप टाकलेस. पोचा पुन्हा पाडता येत नाही, म्हणून पॉलिश पेपरने टाकीवरचा रंग अंगठ्याएवढा घासून काढलास आणि तिला सगळी हकीकत सांगितलीस. तिचं प्लॅस्टर निघाल्यावर बाजाराच्या दिवशी गाडीला दोन्ही बाजूंना गाठोडी बांधलीस आणि तिला म्हणालास, "चालव." ती नाही म्हणाली. तू मागे जाऊन बसलास. एवढा उंच, मिशीवाला माणूस, गुडघे वर आलेले, मांडीवर एक गाठोडं. तिने सगळ्या बाजाराला फेरी मारली. रांगेतला एक जण ओरडला, "काहून देवा, बाईच्या मांगं बसला?"

"हो," तू म्हणालास, "तुह्या मांगं बसाची हिंमत नाही माह्यी."

सगळे हसले, वनिताबाईसुद्धा हसली, आणि तिने दुसरी फेरी स्वतःहून घेतली. त्या दिवशी मला तुझा किती अभिमान वाटला हे तुला कधी कळलं नाही. आणि तो अभिमान वाटायचा हक्क मला नव्हता, हेही तुझ्याजवळ बोललो नाही.

मग वर्षं गेली. लोक गिऱ्हाइकाला गमतीने सांगायचे, "देवाची गाडी घेतो का? पाहून घेजो, एखाद्या वेळी थो विसरते." तू हसून घ्यायचास. पूर्वी जे डोळे मिटून गाडी न्यायचे ते आता सोबत मिस्त्री आणू लागले. तू त्या मिस्त्र्यालाही चहा पाजायचास. मी दर वेळी ठरवायचो, आज सांगतो. मग तू काहीतरी विनोद करायचास, नाहीतर डबा उघडायचास, आणि मला वाटायचं, दादाला माहीतच आहे, आता सांगून काय होणार. माझी समजूत अशी होती की माफी फक्त तुझ्याकडेच मागायची आहे, आणि तू तर केव्हाच माफ केलं आहेस.

ही समजूत बुद्धविहारात मोडली. तुझ्या पुण्यानुमोदनाला, तुझी आठवण काढायला, सगळा बाजार आला होता. तुझा फोटो, समोर मेणबत्त्या, वंदना झाली आणि लोक उठून तुझ्याबद्दल चार शब्द बोलू लागले. रांगेतले आपले जुने सुभाषराव उठले. त्यांचा हेतू चांगलाच होता. म्हणाले, "देवाभाऊच्या हातून साऱ्या जिंदगीत एकच चूक झाली. वनिताबाईची गाडी. पण त्यानं चारचौघात कबूल केली. अशी कबुली द्यायले बी मोठं मन लागते." सगळ्यांनी माना हलवल्या. सुमनवहिनींनी मान खाली घातली.

तू वहिनींनाही सांगितलं नव्हतंस, हे मला त्या खाली गेलेल्या मानेवरून कळलं. तुझ्या घरात, तुझ्या बायकोच्या मनात, माझी चूक तुझ्या नावाने राहत होती. आणि आता तू नव्हतास, म्हणजे ती कायमची तुझी होणार होती. सुभाषरावांनंतर मला बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो, म्हणालो, "दादा माझ्या भावासारखा होता," आणि खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी तुझ्या घरी जाऊन वहिनींना सगळं सांगितलं. त्या पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, मी दहादा इचारलं त्याईले, का तुम्ही इसरलेच कसे. हसून टाळत होते." त्यांनी गुंडाळलेला काठ सोडला. "आता मले समजलं. पण मले एकटीले समजून काय फायदा? बाजाराले कोण सांगन?"

तरीही बाजाराच्या दिवशी मी रांगेत गेलो नाही. वनिताबाईच्या दुकानात गेलो, मागच्या बाजूने, जिथे ताडपत्रीचा आडोसा आहे. ती गाऊनच्या घड्या घालत होती. मी हळू आवाजात सांगितलं. तिने घडी अर्धवट ठेवली.

"मी इचारलं होतं तुम्हाले," ती म्हणाली. "पडेल त नाही ना, असं."

"हो."

"पडल्यावर दादा येईपर्यंत मी रोज स्वतःले शिव्या देल्ल्या."

"हो, बाई. चूक झाली माह्यी."

"मंग हे माह्या कानात काहून सांगून राह्यले? दादा चारचौघात बोलले होते. अन् थे चूक त त्याईची नव्हती बी." तिने शेजारच्या बांगड्यावालीला हाक मारली, "दुकान पाय वं जरा," आणि पायात चपला घातल्या. "चला."

ती पुढे, मी मागे. रांगेत नेहमीचे सगळे होते. सुभाषराव कोणाला तरी गाडी दाखवत होते. सलीम टपरीवर चहा पीत होता, आता त्याची दाढी पांढरी झाली आहे. वनिताबाई रांगेच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "ऐका जरा. विलासभाऊले बोलाचं हाय." मग माझ्याकडे पाहत राहिली. मी शेजारच्या गाडीच्या सीटवरची धूळ तळहाताने पुसू लागलो. कोणीतरी म्हणालं, "बोला ना बाप्पा." मी बोललो.

"देवादादा खूण ठेवाले विसरला नव्हता. त्यानं पोचा ठेवला होता, मले बोट लावून दाखवला होता. मीच सलीमभाऊकून थो काढून घेतला, अन् दादाले सांगतलं का सलीमनं आपल्या मनानं काढला. वनिताबाई चालवता येत नव्हती म्हणून नाही पडली, माह्याच्यानं पडली. दादानं माह्यी चूक तुमच्या साऱ्याईसमोर आपल्या अंगावर घेतली, अन् मी बाजूले उभा राहून घेऊ देली. वनिताबाई, मले माफ करा. सलीमभाऊ, मले माफ कर."

सलीमने हातातला कप खाली ठेवला. मला अजून एकाची माफी मागायची होती आणि तो माणूस रांगेत नव्हता. तरी मी आवाज खाली आणला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असंच बोललो.

"दादा, तुह्या नावावर जे लागलं थे माह्यं होतं. मले माफ कर."